डॉ. वैनू बाप्पू : धूमकेतूच्या धुळीचा मागोवा

मराठी मुलखात जुनी माणसे धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणत. ते उगवले की राजावर अरिष्ट आणि रयतेवर दुष्काळ किंवा पटकी ओढवणार, अशी समजूत घरोघर होती. युरोपातही याहून निराळे मत नव्हते. इटलीतील जोत्तो या चित्रकाराने मात्र सुमारे १३०५ साली पादुआ येथील प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर बाळ येशूला नमन करणाऱ्या मागी लोकांचे चित्र रंगविले आणि गोठ्यावरील ताऱ्याच्या जागी शेपटीसह धूमकेतू काढला. १३०१ साली हॅलेचा धूमकेतू आकाशात दिसला होता; तोच त्याच्या डोळ्यांसमोर असावा, असे अभ्यासक मानतात. ज्याला लोक भीत, त्याला त्या चित्रकाराने आनंदाच्या वार्तेपाशी आणून ठेवले.

भीतीचे ते मळभ पुढे शास्त्राने दूर केले. या कार्यात ज्या भारतीयाचे नाव आदराने घ्यावे लागेल आणि ज्याचे नाव एका धूमकेतूलाच देण्यात आले, ते डॉ. मनाली कल्लाट वैनू बाप्पू. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे ते संस्थापक. अवघ्या पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी या देशाला काय दिले, याची ओळख आपल्या वाचकांना व्हावी, एवढ्यासाठी हा लेख.

वेधशाळेच्या अंगणात

वैनू बाप्पू यांचा जन्म १० ऑगस्ट १९२७ रोजी मद्रास येथे झाला. घराणे मूळचे केरळातील. वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत नोकरीस होते. नवाब जफर जंग यांनी १९०१ साली आपल्या हौसेने उभारलेली ही वेधशाळा पुढे उस्मानिया विद्यापीठाकडे आली. संपूर्ण आकाशाची छायाचित्रे काढून ताऱ्यांची यादी तयार करण्याच्या जागतिक योजनेत तिचा वाटा होता. काचेच्या तबकड्यांवर उमटलेले ताऱ्यांचे ठिपके मोजण्याचे चिकाटीचे काम मुलाने लहानपणापासून जवळून पाहिले. इतर मुले ज्या वयात अंगणात खेळतात, त्या वयात वैनूचे अंगण दुर्बिणीच्या घुमटाखाली होते.

निजाम कॉलेजात शिकत असतानाच तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांची निरीक्षणे करून त्यांनी टिपणे प्रसिद्ध केली. पुढे हैदराबाद सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९४९ साली ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले.

हार्वर्डला येऊन काही महिनेच झाले होते. २ जुलै १९४९ च्या रात्री नेहमीच्या कामासाठी घेतलेल्या छायाचित्राच्या काचेवर बाप्पूंना ताऱ्यांशी न जुळणारी एक अंधुक खूण दिसली. अशा खुणा काचेच्या दोषानेही उमटतात. उतावळा माणूस तिला धूमकेतू समजून फसतो आणि आळशी माणूस दोष समजून सोडून देतो. बाप्पूंनी दोन्ही टाळले. प्राध्यापक बार्ट बोक आणि सहकारी गॉर्डन न्यूकर्क यांच्या साहाय्याने खात्री झाली, की हा नवा धूमकेतू आहे. प्रथेप्रमाणे त्याला तिघांची नावे मिळाली : बाप्पू-बोक-न्यूकर्क. त्या वेळच्या गणिताप्रमाणे त्याला सूर्याभोवती एक फेरी पुरी करण्यास सुमारे ६०,००० वर्षे लागतात. या शोधाबद्दल पॅसिफिक खगोल संस्थेने त्यांना डोनोहो पदक दिले. तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांच्या आतबाहेर होते.

बर्फ आणि धूळ यांचा गोळा

ज्या विद्यापीठात बाप्पू शिकत होते, तेथेच धूमकेतूविषयीच्या आपल्या ज्ञानाला नवे वळण मिळत होते. हार्वर्डच्या खगोल विभागाचे प्रमुख फ्रेड व्हिपल यांनी १९५० साली असा सिद्धांत मांडला, की धूमकेतूच्या मध्यभागी बर्फ व धूळ एकत्र थिजलेला एक घट्ट गोळा असतो. त्याआधी पुष्कळांना तो सुट्या खड्यांचा थवा वाटत असे. व्हिपल यांच्या म्हणण्याचा पुरावा मिळण्यास पुढे छत्तीस वर्षे लागली. तो प्रसंग ओघाने येईलच.

हा गोळा आपली धूळ कशी सोडतो, हे समजून घेण्यासारखे आहे. सूर्यापासून फार दूर असताना धूमकेतू थंडगार आणि निपचित असतो. त्याला शेपूट नसते. तो सूर्याकडे येऊ लागतो आणि अंतर सुमारे ४५ कोटी किलोमीटरपर्यंत, म्हणजे पृथ्वी व सूर्य यांच्यामधील अंतराच्या तिप्पट उरते, तेव्हा पाण्याचा बर्फ जोराने उडू लागतो. अंतराळात हवेचा दाब नसल्याने त्याचे पाणी होत नाही. डांबराची गोळी कपाटात ठेवली असता जशी ओली न होता हवेत विरत जाते, तसा हा बर्फ थेट वायुरूप होतो. हा वायू बाहेर झेपावताना बर्फात अडकलेले धुळीचे कण सोबत उचलून नेतो. गोळ्याचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण इतके क्षीण असते, की एकदा सुटलेला बारीक कण त्याला परत ओढता येत नाही. अशा रीतीने गोळ्याभोवती वायू आणि धूळ यांचे धुके जमते. त्यालाच धूमकेतूचे शिर म्हणतात.

सुटलेल्या धुळीवर दोन सत्तांचा अंमल चालतो. सूर्याचे गुरुत्वाकर्षण तिला आत ओढते, तर सूर्याचा प्रकाश तिला बाहेर ढकलतो. प्रकाशाला दाब असतो, ही गोष्ट व्यवहारात आपल्या ध्यानात येत नाही. कारण दगडाधोंड्यांवर तो दाब नगण्य असतो. केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढ्या कणाचे वजन मात्र इतके थोडे, की त्याच्या मानाने प्रकाशाचा धक्का मोठा ठरतो. खळ्यावर धान्य उफणताना काय घडते, हे शेतकरी जाणतो. सुपातून मळणी खाली सोडली की दाणा पायाशी पडतो आणि भुसा वाऱ्याबरोबर लांब जातो. धूमकेतूच्या धुळीची सूर्य अशीच उफणणी करतो. बारीक कण दूर फेकले जातात आणि त्यांची शेपूट होते. जड कण धूमकेतूच्या वाटेवरच मागेपुढे रेंगाळत राहतात.

बाहेर ढकललेला कण सूर्याभोवती गोळ्यापेक्षा मागे पडतो. त्यामुळे धुळीची शेपूट विळ्यासारखी किंचित वळलेली असते आणि सूर्यप्रकाश परतवीत असल्याने पिवळसर दिसते. तिच्याजवळच एक सरळ, निळसर शेपूट असते. ती विद्युतभारित वायूची. तिला सूर्याकडून सतत वाहणारा सौरवात मागे लोटतो. शेपूट सूर्याच्या उलट दिशेला असते, हे सोळाव्या शतकात पीटर आपियान याने नोंदविले होते. पाळक होण्याच्या इच्छेने ट्यूबिंगेन येथे धर्मशास्त्र शिकलेल्या योहान्नेस केपलरने पुढे याचे कारण सूर्यकिरणांच्या जोरात शोधले. त्याचा हा तर्क त्या काळाच्या फार पुढे होता.

वाटेवर राहिलेल्या जड कणांचे काय होते? त्यांचा एक लांबच लांब पट्टा धूमकेतूच्या कक्षेत पसरतो. पृथ्वी वर्षाच्या ठराविक दिवसांत अशा पट्ट्यातून जाते, तेव्हा ते कण आपल्या वातावरणात शिरून पेटतात. तारा तुटला असे आपण म्हणतो, तो बहुधा वाळूच्या दाण्याएवढा असा कण असतो. ऑगस्टमधील ययाती उल्कावर्षावाचा संबंध स्विफ्ट-टटल या धूमकेतूशी आहे, हे इटलीच्या स्कियापारेल्ली यांनी १८६६ साली दाखविले. मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत दिसणाऱ्या दोन उल्कावर्षावांची धूळ हॅलेच्या धूमकेतूची आहे. तो स्वतः सुमारे ७६ वर्षांनी येतो; त्याची धूळ मात्र दरवर्षी वर्दी देते.

हे देणे फुकट होत नाही. प्रत्येक फेरीत गोळ्याचा काही मीटर जाडीचा थर झिजतो. वायूला उचलता न आलेली धूळ पृष्ठावर साचून काळी साल धरते आणि आतील बर्फाला झाकते. मग भेगांतूनच फवारे उडतात. शेवटी बर्फ सरतो किंवा साल पक्की होते आणि धूमकेतू विझतो.

परदेशातील कीर्ती आणि परतीची वाट

१९५२ साली बाप्पूंना हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर कार्नेगी शिष्यवृत्तीवर ते कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन व पॅलोमार या वेधशाळांत गेले. पॅलोमारची २०० इंची दुर्बीण त्या काळी जगातील सर्वांत मोठी होती. तेथे ऑलिन विल्सन यांच्यासह त्यांनी ताऱ्यांच्या वर्णपटातील कॅल्शियमच्या एका रेषेचा अभ्यास केला. त्या रेषेतील उजळ भागाची रुंदी मोजली की ताऱ्याचे खरे तेज कळते, असे या दोघांना आढळले. खरे तेज कळले की अंतर काढता येते. १९५७ साली प्रसिद्ध झालेला हा शोध विल्सन-बाप्पू परिणाम या नावाने आजही पाठ्यपुस्तकांत आहे.

असा तरुण तेथेच राहिला असता, तर त्याला कोणी बोल लावला नसता. बाप्पू १९५३ साली मायदेशी परतले. स्वातंत्र्य नुकतेच मिळाले होते आणि देशात ताऱ्यांच्या आधुनिक अभ्यासास पुरेल अशी मोठी दुर्बीण नव्हती. १९५४ साली उत्तर प्रदेश सरकारच्या नव्या वेधशाळेची धुरा त्यांच्याकडे आली. वाराणसीहून ती नैनितालच्या डोंगरात हलविली गेली, ती त्यांच्याच देखरेखीखाली.

१९६० साली ते कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. १८९९ पासून सूर्याची निरीक्षणे करणाऱ्या या वेधशाळेशी आपल्या पुण्याचेही नाते आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रा. कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली होती. १९१२ साली ती बंद झाली, तेव्हा तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला पाठविण्यात आली होती.

कोडाईकनालच्या काळातही धूमकेतूंनी त्यांची पाठ सोडली नाही. सूर्याच्या फार जवळ आलेल्या धूमकेतूच्या वर्णपटात सोडियमचा पिवळा प्रकाश दिसतो. या प्रकाशाच्या अभ्यासातून सौरवाताविषयी काय कळते, याचा विचार बाप्पू आणि त्यांचे सहकारी के. आर. शिवरामन यांनी १९६९ साली एका निबंधात मांडला. धूमकेतू हा सूर्याच्या राज्यातून जाणारा एक वार्ताहर आहे आणि त्याच्या अंगावरून सूर्याचा वारा ओळखता येतो, ही दृष्टी त्यामागे होती.

चंदनाच्या रानातील दुर्बीण

कोडाईकनाल सूर्यासाठी उत्तम असले, तरी रात्री तेथे ढग फार. ताऱ्यांसाठी दुसरी जागा हवी होती. पुष्कळ शोधाअंती बाप्पूंनी तमिळनाडूतील जवादी टेकड्यांमधील कावलूर हे खेडे निवडले. चंदनाच्या झाडांचे रान, शहरांपासून दूर, अंधारी रात्र आणि विषुववृत्ताजवळ असल्याने दक्षिणेचे आकाशही दिसणारे. १९६८ साली तेथे पहिली दुर्बीण बसली. तिचा आरसा केवळ ३८ सेंटिमीटरचा होता, पण ती आपल्याच कार्यशाळेत बनली होती. १९७२ साली जर्मनीची एक मीटर व्यासाची दुर्बीण आली. १९७७ च्या मार्च महिन्यात युरेनस ग्रह एका ताऱ्यासमोरून गेला आणि त्या ग्रहाला कडी असल्याचे जगाला प्रथम कळले, तेव्हा कावलूरच्या दुर्बिणीनेही ती घटना टिपली होती.

१ एप्रिल १९७१ रोजी भारतीय खगोलभौतिकी संस्था स्वायत्त झाली आणि पुढे तिचे मुख्यालय बंगळूरच्या कोरमंगल भागात आले. येथे बाप्पूंनी आपल्या आयुष्याचे मोठे स्वप्न हाती घेतले : २.३४ मीटर व्यासाचा आरसा असलेली दुर्बीण, तीही स्वदेशात घडविलेली. एवढी दुर्बीण विकत घेणे सोपे होते. पण विकत घेतलेल्या यंत्राने यंत्र बनविणारी माणसे तयार होत नाहीत, हे त्यांना उमगले होते. आरसा घासण्याचे व चकाकी देण्याचे काम संस्थेच्या बंगळूर येथील प्रयोगशाळेत ए. पी. जयराजन यांच्या नेतृत्वाखाली चालले. दुर्बिणीचा पोलादी सांगाडा पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात घडला. साखरेच्या यंत्रसामग्रीसाठी ख्याती पावलेल्या त्या गावच्या कामगारांचे हात या कामाला लागले. केसाच्या जाडीच्याही अंशात चूक चालणार नाही, असे हे काम. ते वर्षानुवर्षे चालले.

दरम्यान सन्मान येत राहिले. १९७० चे भटनागर पारितोषिक, १९८१ साली पद्मभूषण. १९७९ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघाने त्यांना आपले अध्यक्ष निवडले. १९८२ च्या ऑगस्टमध्ये ग्रीसमधील पात्रास येथे संघाचे अधिवेशन भरणार होते. परंतु बाप्पूंच्या हृदयाने दगा दिला. म्युनिच येथे शस्त्रक्रिया झाली आणि १९ ऑगस्ट १९८२ रोजी तेथेच त्यांची प्राणज्योत मालवली. तिकडे पात्रासला अधिवेशन चालू होते. अध्यक्षांची जागा रिकामी राहिली. बंगळूरला आरसा अद्याप घासला जात होता.

त्यांच्या मागे

प्रमुख माणूस गेल्यावर कार्य थांबते, असे अनेकदा घडते. येथे तसे झाले नाही. बाप्पूंनी माणसे तयार केली होती. त्यांनी काम पुरे केले आणि ६ जानेवारी १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते कावलूरच्या दुर्बिणीस व वेधशाळेस वैनू बाप्पू यांचे नाव देण्यात आले. योग असा, की त्या दिवसांत हॅलेचा धूमकेतू आकाशात आलेला होता. ९ फेब्रुवारीला तो सूर्याला वळसा घालून निघाला.

१४ मार्च १९८६ रोजी युरोपचे एक यान त्या धूमकेतूच्या गोळ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेले. यानाचे नाव, पादुआच्या चित्रकारावरून, जोत्तो असे ठेवले होते. जवळात जवळ पोहोचण्यास चौदा सेकंद उरले असता सेकंदाला ६८ किलोमीटर वेगाने धुळीचा एक कण यानावर आदळला. यान डगमगले आणि काही काळ पृथ्वीशी संपर्क तुटतजुळत राहिला. एवढ्याशा कणाचा तो प्रताप. तोवर आलेल्या चित्रांत मात्र कोळशाहून काळा, सुमारे १५ किलोमीटर लांबीचा गोळा दिसला. त्याच्या उन्हाकडील बाजूच्या मोजक्या ठिकाणांहून धुळीचे फवारे उडत होते. व्हिपल यांचे म्हणणे खरे ठरले.

पुढे २००६ साली स्टारडस्ट या मोहिमेने वाइल्ड-२ या धूमकेतूची धूळ प्रत्यक्ष पृथ्वीवर आणली. तिच्यात प्रखर उष्णतेतच घडणारी खनिजे सापडली. म्हणजे सूर्याजवळची धूळ सूर्यमालेच्या आरंभी फार दूरवर वाहत जाऊन बर्फात थिजली असली पाहिजे. त्याच धुळीत, आणि २०१४ ते २०१६ या काळात रोझेटा यानाने पाहिलेल्या दुसऱ्या धूमकेतूभोवतीही, ग्लायसिन हे अमिनो आम्ल आढळले. प्रथिने ज्यांची बनतात, त्या घटकांपैकी हा एक. याचा अर्थ तेथे जीव आहे, असा नव्हे. तरी मनुष्य मातीपासून घडविला गेला, हे उत्पत्तीच्या पुस्तकात वाचणारा वाचक या बातमीपाशी क्षणभर थांबेल, यात नवल नाही.

आज हेब्बाळच्या उड्डाणपुलावर रात्री उभे राहिले, तर विमानतळाकडे धावणाऱ्या दिव्यांच्या रांगांपुढे मोजकेच तारे टिकाव धरतात. तळ्याच्या पाण्यातही इमारतींचाच उजेड दिसतो. बाप्पूंनी अंधार शोधीत कावलूर का गाठले, हे येथे उभे राहिल्यावर कळते. त्यांची संस्था आज आणखी दूर, लडाखमधील हनले येथे दोन मीटरची दुर्बीण चालवते आणि तिचे नियंत्रण बंगळूरजवळच्या होसकोटे येथून होते. तरीही २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस एक तेजस्वी धूमकेतू पहाटेच्या वेळी पूर्वेला उगवला, तेव्हा याच शहरातील कित्येकांनी गच्चीवर चढून तो पाहिला. अरिष्टाची भीती कोणाच्या मनात नव्हती. मुलांना उठवून आईबाप तो दाखवीत होते.

बाप्पूंचा धूमकेतू आपल्यापैकी कोणालाच पुन्हा दिसणार नाही. तो साठ हजार वर्षांच्या लांब वाटेवर आहे, थंड आणि अंधारात. मात्र सूर्याजवळून जाताना त्याने जी धूळ सोडली, ती मागे राहिली आहे. कावलूरच्या घुमटाखाली आज ज्या तरुण अभ्यासकांची रात्र जागवण्यात जाते, त्यांतील बहुतेकांचा जन्म बाप्पूंच्या मृत्यूनंतरचा आहे. सूर्य मावळला की ते घुमट उघडतात आणि वालचंदनगरच्या पोलादावर तोललेला, बंगळूरला घासलेला तो आरसा आकाशाकडे वळवितात.

— हेब्बाळ, बंगळूर